बनावट तोफ आणि देशी बनावटीची तोफ

प्रश्न असा आहे: दक्षिण आफ्रिकेच्या जी-5 तोफेवरच्या एका मराठी लेखात ‘स्वदेशी बनावटीची तोफ’ असं म्हटलंय. बनावट म्हणजे खोटं, मग हे कसं चालेल? आणि स्वदेशी, देशी, गावठी यांतलं इथे नेमकं काय बसतं?

‘बनावट’ विशेषण म्हणून आलं की खोटं: बनावट नोटा, बनावट दाखला. नाम म्हणून आलं, त्याचं सामान्यरूप होऊन पुढे चा-ची-चे लागलं, की अर्थ घडण: जर्मन बनावटीचं पिस्तूल. म्हणजे ‘बनावट तोफ’ नाटकात शोभेल, ‘देशी बनावटीची तोफ’ खरोखर उडेल. लेखकाचं व्याकरण चुकलेलं नाही.

‘गावठी’ मात्र नको. ‘गावठी कट्टा व जिवंत काडतुसे जप्त’ हे आपण रोज वाचतो. या गावठीत चोरून केलेल्या कामाचा वास आहे. देशी दारू परवान्याच्या दुकानात मिळते, गावठी हातभट्टीवर. (कोंबडी आणि तूप गावठी असलं की उलट भाव चढतो, ते वेगळं.) जी-5 आली आर्मस्कॉर या सरकारी महामंडळाकडून, 1968 साली स्थापन झालेल्या. तिला गावठी कसं म्हणणार?

खरा घोळ आहे ‘स्वदेशी’चा. वर्णभेदामुळे संयुक्त राष्ट्रांनी 1977 मध्ये दक्षिण आफ्रिकेवर सक्तीची शस्त्रबंदी घातली. त्याआधीच अंगोलाच्या लढाईत तिच्या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश तोफा सोव्हिएत रॉकेटांपुढे तोकड्या पडल्या होत्या. मग जेराल्ड बुल या कॅनडात जन्मलेल्या तोफतज्ज्ञाचा आराखडा मिळवला गेला आणि त्यावरून 155 मिलिमीटरची, साध्या गोळ्यानेही सुमारे 30 किलोमीटर मारा करणारी जी-5 घडली. या व्यवहारापायी बुल अमेरिकेत तुरुंगातही जाऊन आला. दक्षिण आफ्रिकेची आर-4 रायफल तर सरळ इस्रायलच्या गॅलिलवरून घेतलेली, आणि गॅलिलचं मूळ शोधत गेलात तर फिनलंडमार्गे कलाश्निकोव्हपाशी पोचाल! स्वदेशीत कल्पनाही आपली असल्याचा दावा डोकावतो. बनावटीचा संबंध फक्त कुठे घडली एवढ्याशी. म्हणून या दोन्हींना ‘दक्षिण आफ्रिकी बनावटीची’ म्हणावं.

स्वदेशी म्हणायचंच तर सुरुंगरोधक कॅस्पिर गाडीला म्हणा. तिचा तळ इंग्रजी ‘व्ही’सारखा निमुळता, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. नावही घरचंच: तिथलं पोलीस दल आणि तिथली संशोधन परिषद यांच्या इंग्रजी आद्याक्षरांची उलटापालट करून जुळवलेलं.

आणखी एक. मराठी वाचक नुसतं ‘स्वदेशी तोफ’ वाचतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे भारतीय तोफ येते. दुसऱ्या देशाबद्दल लिहिताना त्या देशाचं नाव घालून ‘स्व’ गाळलेला बरा.