ॲप्लिकेशन सॉफ्टवेअरचे प्रकार कोणते? बारावी कॉमर्सनंतर आधी काय शिकू?

विंडोज, लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीम, त्या कॉम्प्युटर चालवतात. त्यांच्यावर चालून आपलं काम करून देतं ते ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर. अर्ज-पत्रं लिहायला वर्ड प्रोसेसर, इंटरनेटसाठी ब्राउझर, फोटोंसाठी फोटोशॉपसारखं, हिशेबाच्या वह्यांसाठी टॅली. रेल्वे आरक्षणासारख्या कामामागे डेटाबेस, म्हणजे माहितीचा नीट लावलेला साठा असतो.

पण आधी स्प्रेडशीटच शिका, म्हणजे रकान्यांत आकडे भरून सूत्रांनी हिशेब करणारं सॉफ्टवेअर, असं मी अगदी मनापासून सांगेन. १९७९ साली व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीट आलं आणि केवळ त्याच्यासाठी लोक ॲपल टू हा कॉम्प्युटर विकत घेऊ लागले, एवढी या प्रकाराची ताकद. कोथरूडला माझी बहीण जेवणाचे डबे पुरवते. एका रकान्यात गिऱ्हाइकाचं नाव, शेजारी महिन्याचे डबे, पुढच्यात गुणाकाराचं सूत्र. ते एकदाच लिहायचं आणि माउसने खाली ओढायचं. एका डब्याचा दर वरच्या एका चौकटीत ठेवलाय. तिथे ७० चे ८० केले की सगळी बिलं क्षणात बदलतात. पूर्वी यात तिचा अख्खा रविवार जायचा!

त्यासाठी एक्सेल हे मायक्रोसॉफ्टचं स्प्रेडशीट विकत घ्यायलाच हवं असं नाही. लिब्रेऑफिसमधलं स्प्रेडशीट फुकट आहे, मराठीतही चालतं. हात बसला की मग टॅलीचा क्लास लावा. सीएच्या ऑफिसात दोन्ही लागतात.