कोल्हापुरात वळवाच्या पावसानंतर पूर्वीसारखे बेडूक ओरडताना ऐकू येत नाहीत. जगभरच बेडूक कमी होतायत का?

हो, आणि वेगानं. 2023 च्या जागतिक आढाव्यानुसार सुमारे 41 टक्के उभयचर प्रजाती धोक्यात आहेत. पक्षी आणि सस्तन प्राण्यांपेक्षा हे प्रमाण जास्त. सगळ्यात मोठं कारण अधिवास नष्ट होणं. पण मला जास्त अस्वस्थ करते ती कायट्रिड बुरशी. बेडूक पाणी आणि क्षार कातडीतून घेतो, बराचसा श्वासही. ही बुरशी नेमकी कातडीवर बसते, शरीरातल्या क्षारांचा तोल जातो आणि हृदय बंद पडतं. 2019 च्या अभ्यासात तिच्यामुळे 501 प्रजाती घटल्याचं आणि त्यातल्या 90 बहुधा नामशेष झाल्याचं आढळलं.

आपल्याकडचं म्हणाल, तर तीच पातळ कातडी उसाच्या फडातली औषधंही शोषते. डबकी बुजवून प्लॉट पाडले, तर अंडी घालायची कुठं?

आंबोलीचा टोड (बेडकाचाच एक प्रकार) तर अतिसंकटग्रस्त आहे. जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे उघड्या पठारावर, साचलेल्या उथळ पाण्यात तो अंडी घालतो. पावसाळ्यात आपण धबधबा बघायला तिकडं जातोच. रात्री गाडी हळू चालवा, पावसात बेडूक रस्त्यावर आलेले असतात.