पगार चांगला, पण घर सुटत चाललंय, नोकरी सोडू का?

एमआरचं, म्हणजे डॉक्टरांना भेटून कंपनीची औषधं खपवायचं काम करणारे बरेच जण माझ्याकडे ठाण्याला नौपाड्यात सल्ल्यासाठी येतात आणि प्रश्न साधारण हाच असतो. त्यातल्या एकाचं सांगते, ओळख पुसून.

कोपरखैरण्याचा मुलगा, नेफ्रॉलॉजी म्हणजे किडनीच्या औषधांच्या डिव्हिजनला. डायलिसिसच्या पेशंटचं हिमोग्लोबिन वाढायला एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शन देतात ना, ते विकतो. दिवसा वाशी-नेरूळची डायलिसिस सेंटर, संध्याकाळी पार पनवेलपर्यंत क्लिनिकं, डॉक्टर शेवटचा पेशंट गेल्यावर आत बोलावणार म्हणजे दहा वाजलेच, मग घरी येऊन डीसीआर, म्हणजे दिवसभराच्या भेटींचा रिपोर्ट भरायचा आणि महिनाअखेर असली की क्लोजिंगसाठी, म्हणजे महिन्याचा विक्रीचा हिशोब पुरा करायला स्टॉकिस्टच्या, म्हणजे औषधांच्या घाऊक विक्रेत्याच्या मागे लागायचं. हे सगळं तो धडाधड सांगत होता. 'आई जेवायची थांबते' म्हणाला आणि गप्पच झाला. आईला शुगर आहे, गोळी घेते आणि ताट झाकून अकरापर्यंत बसून राहते.

सोड किंवा नको सोडू, असं मी काही म्हटलं नाही, घराचा हप्ता त्याला भरायचाय. फक्त पंधरा दिवस वही लिहायला लावली, कुठल्या वेळी काय केलंस आणि तेव्हा कसं वाटलं. वाचली तर नोकरी नकोशी झालेलीच नव्हती! एका पेशंटच्या बायकोला इंजेक्शन फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्रीत ठेवायचं, फ्रीझरमध्ये अजिबात नाही, हे त्याने नीट समजावलं, त्या दिवसापुढे 'आज बरं वाटलं' लिहून खाली दोन रेघा मारलेल्या. जीव जात होता तो क्लिनिकच्या बाकावर ताटकळण्यात. आणि रात्रीचे डॉक्टर मोजले तर चारच, पण त्या चौघांपायी आठवड्याच्या पाच रात्री जायच्या. त्यातले दोघं सकाळी त्याच हॉस्पिटलला असतात जिथे हा तसाही जातो.

ही वही घेऊनच मॅनेजरशी बोल म्हटलं, रडगाणं नको, आकडे दाखव. रजा मागायची पण त्याला लाज वाटायची, जणू उपकार मागतोय. अरे, 1976 च्या कायद्यातसुद्धा एमआर लोकांना अकरा दिवस ड्युटीमागे एक दिवस भरपगारी रजा धरलेली होती, तो हक्कच आहे.

मॅनेजरने दोन रात्री मान्य केल्या, बाकीच्या संध्याकाळी मोकळ्या. टार्गेट मात्र तेवढंच आहे, त्याचं टेन्शन आहे, त्यावर आम्ही अजून बोलतोय. त्या दोन रात्री साडेआठला तो बाकावरूनच आईला व्हिडिओ कॉल लावतो, आणि ती जेवायला बसते.