ओले लंगोट मोजत जा

तुझी बाळंतपणाची तारीख जुलैच्या मध्याची, घर ठाण्यात, बाल्कनीत ऊन जेमतेम तासभर. अशात कापडी डायपर जमतील का, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा, नुसत्या अंगावरच्या दुधावर बाळ राहतंय की उपाशी राहतंय हे ओळखायचं कसं, कारण नणंदेच्या वेळी दहाव्या दिवशीच 'दूध पुरत नाही' म्हणून फॉर्म्युलाचा, म्हणजे पावडरच्या दुधाचा, डबा आणला गेला आणि तू ते जवळून बघितलंस. दोन्ही मुलांच्या वेळी मी यातून गेलेय आणि नंतर बहिणींची, मैत्रिणींची बाळंतपणं जवळून पाहिली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते. हे दोन्ही प्रश्न एकत्र बघ, कारण दूध पुरतंय का याचा सगळ्यात भरवशाचा पुरावा लंगोटावरच मिळतो.

पहिला दीड महिना तरी दिवसा साधे पांढरे सुती लंगोट वापर. जुनं धोतर, आईच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या साड्या, मलमलीचे पंचे, काहीही चालेल, फक्त रंग पांढरा किंवा अगदी फिका हवा. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या पोटात किती गेलं हे दिसत नाही, बाहेर किती आलं ते दिसतं. पहिल्या दिवशी एखादाच लंगोट ओला होतो, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी तीन, असं साधारण वाढत जातं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत निदान सहा लंगोट चांगले ओले व्हायला हवेत आणि लघवी फिकी हवी. शीचाही रंग बघायचा. सुरुवातीला काळी, डांबरासारखी चिकट, मग हिरवट, आणि पाचव्या दिवसापर्यंत पिवळी, पातळ, मोहरीएवढे दाणे असलेली. पाचव्या दिवशीही काळीच होत असेल तर पुरेसं दूध पोटात जात नाहीये. मग लगेच त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

पांढऱ्या कापडाचा आग्रह आणखी एका कारणासाठी. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर कधी कधी विटकरी, नारिंगी डाग पडतात. घरातले लोक रक्त समजून घाबरतात, पण ते लघवीतल्या युरेट क्षारांचे स्फटिक असतात आणि तेव्हा त्यांचं काही वाटून घ्यायचं नाही. तेच डाग चौथ्या-पाचव्या दिवसानंतर दिसले तर मात्र बाळाला दूध कमी पडतंय असं समजायचं. (मुलगी असेल तर पहिल्या आठवड्यात किंचित खरं रक्तही दिसू शकतं, आईच्या संप्रेरकांचा तो परिणाम, आपोआप थांबतो.) विकतच्या डायपरमध्ये सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड असते. ती लघवी शोषून वरचा थर कोरडा ठेवते, आणि नवजात बाळाची लघवी मुळातच थोडी, त्यामुळे बाळाने एकदा केली की तीनदा हे कळत नाही. काहींवर रंग बदलणारी पट्टी असते, तीही एकदाच बदलते. म्हणून फ्रिजवर एक कागद चिकटव, ओल्याला रेघ, शीला फुली. रात्री अडीच वाजता 'दूध पुरत नाहीये का' असा प्रश्न पडला की त्या कागदाकडे बघायचं.

दुसरं माप वजनाचं. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतंच. 7 टक्क्यांच्या आसपास घट नेहमीची, 10 टक्क्यांच्या पुढे गेली तर डॉक्टर लक्ष घालतात, आणि साधारण दोन आठवड्यांत बाळ जन्माच्या वजनावर परत येतं. ही दोन मापं ठीक असतील तर बाकीच्या बोलण्यावर जाऊ नकोस. बाळ संध्याकाळभर सारखं प्यायला मागतं, छाती पूर्वीसारखी टणक लागत नाही, पंपाने जेमतेम वाटीच्या तळाशी निघतं, यातल्या कशावरूनही दूध कमी आहे असं ठरत नाही. ही तीन वाक्यं मी इतक्या घरांत ऐकली आहेत, आणि त्यांच्यामागून वरचं दूध आलेलं पाहिलं आहे, की तुला आधीच सांगून ठेवते.

वरच्या दुधाने नेमकं काय होतं तेही समजून घे. छाती जितकी रिकामी होईल तितकं नवं दूध तयार होतं. भीतीपोटी एक बाटली दिली की बाळ तीन तास झोपतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात, तेवढा वेळ छाती भरलेली राहते आणि शरीर दूध कमी करायला लागतं. असं वारंवार झालं की ते खरंच कमी होतं. म्हणून पहिल्या आठवड्यांत दिवसरात्र मिळून 8 ते 12 वेळा पाजायचं, आणि रात्रीचं पाजणं तर टाळायचंच नाही, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. पहिल्या तासात बाळाला अंगावर घेऊ द्या, असं प्रसूतीच्या आधीच डॉक्टरांशी बोलून ठेव. चीक अगदी थोडा येतो, पण पहिल्या दिवशी बाळाचं पोटही एका वेळी 5 ते 7 मिलीच घेतं, तेवढा त्याला पुरतो. सिझेरियन झालं तर दूध उतरायला एखादा दिवस जास्त लागू शकतो. तेव्हा कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली धरून पाज, टाक्यांवर भार येत नाही. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नको, भोवतीचा काळा भागही जायला हवा. पाजताना सतत दुखत असेल तर सोसू नकोस. करंगळी हलकेच तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून बाळाला सोडव आणि पुन्हा लाव.

अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा आनंदाने खा. बाळंतिणीला पोषण हवंच, आणि कोणी प्रेमाने करून घालत असेल तर त्यात किती आधार असतो! फक्त दूध लाडवाने वाढेल या भरवशावर पाजणं कमी करू नकोस. बाळाला मात्र सहा महिने दुसरं काहीही नाही. पाणीसुद्धा नाही, ऑक्टोबरच्या उन्हातही नाही, कारण आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असतं. मध वर्षाच्या आत अजिबात नको, त्यातून बॉटुलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गुटीबद्दल तुझ्या सासूबाई आग्रही आहेत असं तू लिहिलं आहेस. सहाणेवर उगाळताना किती वेढे म्हणजे किती मात्रा हे कोणालाच सांगता येत नाही, आणि सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा बालरोगतज्ज्ञांकडे जाताना त्यांना सोबत ने आणि तिथे त्यांनाच विचारू दे. ड जीवनसत्त्वाचे थेंब मात्र डॉक्टर देतील, रोज 400 युनिट वर्षभर, ते चुकवू नकोस.

आणि खरंच वरचं दूध लागलं तर? बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल, त्याची साखर उतरली असेल, आईला प्रसूतीत फार रक्तस्राव झाला असेल, थायरॉइडचा त्रास असेल, तर डॉक्टर सांगतील आणि तेव्हा निःशंक मनाने दे. वाटी-चमच्याने दे, बाटली टाळ, आणि दर वेळी आधी अंगावर घे. तुझ्या नणंदेच्या वेळी यातलं काही होतं की नाही हे आपल्याला माहीत नाही, तेव्हा तिच्यासमोर तो विषय तपासायला घेऊ नकोस. आईचं दूध नाहीच मिळालं तर दुग्धपेढीचा, म्हणजे दुसऱ्या आयांनी दान केलेल्या दुधाचा, पर्याय असतो. आशियातली पहिली दुग्धपेढी आपल्या मुंबईतच, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने 1989 मध्ये सुरू झाली. एक लक्षात ठेव, 1992 च्या कायद्याने फॉर्म्युलाची जाहिरात करायला आणि आईला फुकट नमुने द्यायला बंदी आहे. कोणी हातात नमुन्याचा डबा ठेवलाच तर तो घेऊ नकोस.

आता पावसाळा. नवजात बाळाला दिवसाला दहा-बारा लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात पंचवीस-तीस पुरले असते, जुलैत चाळीसच्या आसपास हाताशी ठेव. पातळ, एकेरी कापडाचे, घडी घालून बांधायचे लंगोट घे. जाड शिवलेले लंगोट पावसात दोन दिवस वाळत नाहीत. शोषणारं पॅड घालायला आत खिसा असलेले जे पॉकेट डायपर मिळतात त्यांचे वीसच्या संचाचे सौदे आत्ता घेऊ नकोस. 'फ्री साइझ' म्हटलं तरी पहिल्या महिन्यात बारीक मांड्यांवर ते सैल बसतात आणि कडेने गळतात. नवजात मापाची तीन-चार जलरोधक कव्हरं घे आणि आत आपलाच घडी घातलेला लंगोट ठेव. बाळ पाचेक किलोचं झालं की मग पॉकेट डायपर बघ. आतल्या पॅडमध्ये मायक्रोफायबर लवकर वाळतं पण ते थेट कातडीला लावायचं नाही, खिशातच घालायचं. बांबूचं जास्त शोषतं पण दमट हवेत वाळता वाळत नाही. सुती आणि बांबूची पॅडं वापरण्याआधी चार-पाच वेळा धुवावी लागतात, नाहीतर ओल शोषतच नाहीत आणि आपल्याला वाटतं माल खराब आहे.

धुणं फार अवघड नाही. नुसत्या अंगावरच्या दुधाची शी पाण्यात विरघळते, नळाखाली धरली की जाते. बादलीत भिजत घालून ठेवू नकोस, कोरड्या बादलीत टाक आणि रोज किंवा एक दिवसाआड मशीनला लाव. लंगोट आणि पॅडं 60 अंशांवर, पुरेशी पावडर, शेवटी एकदा जादा साध्या पाण्यातून काढणं. कव्हरांना आधी त्यांच्यावरची सूचना वाच. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य नको, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. जंतुनाशकाचे थेंबही रोज नकोत, कातडी चरचरते. वाळवायला छताच्या दोऱ्या आणि खाली पंखा, आणि सुती लंगोटांतली शेवटची ओल इस्त्रीने काढायची. कव्हरांना इस्त्री नाही. ओलसर लंगोट बाळाला बांधायचा नाही, एवढा नियम कडक पाळ, त्यातूनच बुरशीचे लाल चट्टे उठतात. चट्ट्यांवर झिंकचं मलम लावलंस तर मध्ये पातळ कापड ठेव, मलम पॅडमध्ये बसलं की सुटत नाही.

कव्हर असो की दुपटं, बाळाचे पाय बेडकासारखे फाकलेले आणि मोकळे राहायला हवेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधण्याची जुनी पद्धत खुब्याच्या सांध्याला अपायकारक आहे. यावर मालिशवाल्या मावशींशीही बोल.

रात्री आणि प्रवासात विकतचा डायपर वापरलास तर कोणाला उत्तर द्यायला नको. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून त्यावर खूण कर आणि वेगळा दे. पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिलांनी यासाठीच लाल ठिपक्याची मोहीम चालवली होती, कारण तो कचरा शेवटी कोणीतरी हातानेच वेगळा करतं. पर्यावरणाचं म्हणशील तर ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या 2008 च्या अभ्यासात असं दिसलं की कापडी डायपरचा फायदा धुण्याच्या पद्धतीवर ठरतो. पूर्ण भरलेलं मशीन, दोरीवर वाळवणं आणि दुसऱ्या बाळालाही तेच वापरणं, यातच तो आहे. आपल्या घरांत हे तिन्ही सहज होतं.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते हे. लंगोट धुणं, वाळवणं, घड्या घालणं, कागदावर रेघा ओढणं, हे सगळं बाळाच्या बाबांचं काम. पाजणं तुझ्याशिवाय कोणी करू शकत नाही, आणि ते दिवसाचे आठ-आठ तास खातं. आत्ताच, आठव्या महिन्यात, त्यांच्याशी हे नीट बोलून घे. पाजायचंही तूच आणि धुवायचंही तूच असं ठरणार असेल तर माझा सल्ला सरळ आहे, विकतचे डायपर आण. तेव्हा रेघा मोजण्यासाठी पहिल्या आठवड्यात डायपरमध्ये एक पांढरा सुती तुकडा ठेव, तेवढं पुरेल.

नोकरीचं थोडक्यात. 26 आठवड्यांची रजा आहे, तारखेआधी जास्तीत जास्त 8 आठवडे घेता येते. तब्येत साथ देत असेल तर आधीची कमी घे, नंतरची वाढते. परत गेल्यावर बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दुधासाठीची सुट्टी कायद्याने आहे. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघराची सोयही कंपनीवर बंधनकारक आहे. रजेचा अर्ज देतानाच हे लेखी विचार. काढलेलं दूध 25 अंशांपर्यंत 4 तास टिकतं, फ्रिजमध्ये 4 दिवस. आपल्या दमट उकाड्यात बाहेर इतका वेळ ठेवू नकोस, बर्फाच्या पिशवीतूनच लोकलने आण. गरम करायला वाटी कोमट पाण्यात ठेव, मायक्रोवेव्ह नको.

डोहाळजेवण अजून व्हायचं असेल आणि लोक काय आणू विचारत असतील, तर मखमली झबली नकोत म्हणून सांग. पांढरी मलमल मीटरने मागून घे, आणि एखाद्या हौशी मावशीला चौकोन कापून कडा शिवायला बसव.