एचएसजीच्या टेबलाशी नवी आहेस ना? म्हणजे गर्भाशयात एक्स-रेत दिसणारं द्रव (डाय) सोडून गर्भनलिका मोकळ्या आहेत का, ते बघायची तपासणी.

अगं, घाबरू नकोस. सुरुवातीला एवढंच सांभाळ.

- डॉक्टरांनी वेदनाशामक गोळी लिहिली असेल तर ती तपासणीच्या 30 ते 60 मिनिटं आधी पेशंटच्या पोटात जायला हवी. टेबलावर घेतल्यावर आठवून काय उपयोग? लघवीलाही आधीच पाठव.

- "काही दुखणार नाही" म्हणू नकोस. नव्या मुली हमखास म्हणतात. डाय जाताना पाळीसारखी कळ येते, बहुतेकींची लवकर ओसरते, असं खरं सांग. मग लेड अ‍ॅप्रन घालून उशाशी उभी राहा. मॉनिटर डॉक्टर बघतील, तू चेहरा बघ. मुठी आवळल्या की श्वास हळू सोडायला लाव.

- लगेच उठवू नकोस. माझी एक पेशंट उठताच पांढरीफटक पडली होती. पॅड दे, आणि विरार लोकल पकडायची असेल तर आधी चहा-बिस्किट.