वाचकांचे प्रश्न : मौलाना आझाद, आलिम ते शिक्षणमंत्री

प्रश्न : मौलाना अबुल कलाम आझाद कैरोच्या अल-अझहर या इस्लामी विद्यापीठात शिकले, असे बऱ्याच ठिकाणी वाचले. काही जण म्हणतात, त्यांच्याकडे कसलीच पदवी नव्हती. मग ते मौलाना कसे?

अल-अझहरची गोष्ट चुकीची आहे. 1908 मध्ये ते इजिप्तला गेले होते, पण शिकायला नव्हे. मक्केत 11 नोव्हेंबर 1888 रोजी जन्मलेल्या या मुलाला वडिलांनी, मौलाना खैरुद्दीन यांनी, कलकत्त्यात घरीच शिकवले. मदरशातल्या शिकवणीवर त्यांचा भरवसा नव्हता. आधी फारसी, मग अरबी, आणि त्यानंतर तत्त्वज्ञान, भूमिती, बीजगणित हे सगळे अरबीतून. हा दर्स-ए-निज़ामीचा, म्हणजे पारंपरिक इस्लामी शिक्षणाचा, जुना अभ्यासक्रम. तो पुरा होईपर्यंत विद्यार्थी वीस ते पंचवीस वर्षांचा होई. शेवटचा टप्पा लेखी परीक्षेचा नसे. आपण शिकलो ते दुसऱ्याला शिकवून दाखवायचे, हीच कसोटी. आझादांनी सोळाव्या वर्षापर्यंत अभ्यास संपवला आणि वडिलांनी जमवलेल्या पंधराएक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान, गणित आणि तर्कशास्त्र शिकवले. आलिम, म्हणजे इस्लामी शास्त्रांचा विद्वान, म्हणून मान्यता मिळायला तेवढे पुरे होते.

इंग्रजी त्यांनी नंतर मिळवली. मुळाक्षरांपुरती एका मौलवींची मदत घेतली. पुढे बायबलच्या इंग्रजी, फारसी आणि उर्दू प्रती शेजारी ठेवून आणि शब्दकोश हाताशी घेऊन वर्तमानपत्रे वाचत ती पक्की केली.

प्रश्न : राजकारणात आल्यावर त्यांनी धर्म बाजूला ठेवला, असे म्हणता येईल का?

नाही. उलट, धर्माच्या अभ्यासातूनच ते राजकारणात आले. 13 जुलै 1912 रोजी कलकत्त्यात त्यांनी 'अल-हिलाल' हे उर्दू साप्ताहिक काढले. तेव्हाची बहुतेक उर्दू पत्रे शिळाछापावर निघत, आणि त्यात छायाचित्रे नीट उठत नसत. आझादांनी खिळ्यांची छपाई निवडली. लेखनात कुराणातल्या आयती असत आणि निष्कर्ष राजकीय असे : परकी सत्तेपुढे मान तुकवणे श्रद्धेत बसत नाही. दोन वर्षांत खप आठवड्याला 26,000 प्रतींवर गेल्याचे त्यांनीच नोंदवले आहे.

सरकारने हे पत्र थेट बंद केले नाही. 1910 च्या छापखाना कायद्यानुसार आधी 2,000 रुपये तारण मागितले, ते जप्त केले आणि मग 10,000 मागितले. तेही गेले आणि 1914 अखेर पत्र थांबले. 1915 मध्ये त्यांनी 'अल-बलाग' काढले. त्यावर 1916 मध्ये बंगालमधून हद्दपारीचा हुकूम आला. पंजाब, दिल्ली, संयुक्त प्रांत आणि मुंबई इलाखा यांनी त्यांना आधीच प्रवेशबंदी केली होती. उरला बिहार, म्हणून ते रांचीला गेले. तिथे पुढे नजरकैद झाली, ती 1919 च्या अखेरीस सुटली.

या वाटेवर त्यांचे अंदाज चुकलेही, आणि चरित्रे ते भरभर ओलांडतात याचे वाईट वाटते. 1920 मध्ये त्यांनी हिजरतच्या, म्हणजे देश सोडून जाण्याच्या, बाजूने फतवा दिला. हजारो गरीब माणसे घरदार विकून अफगाणिस्तानकडे निघाली. इतक्या लोकांची सोय त्या देशाला झेपेना, सीमा बंद झाली आणि लोक कफल्लक होऊन परतले. साऱ्या हिंदी मुसलमानांचा एक इमाम, म्हणजे धार्मिक नेता, निवडावा, ही कल्पनाही उलेमांच्या (धर्मपंडितांच्या) आपसांतील मतभेदांत विरली. 1924 मध्ये तुर्कस्तानने खिलाफतच, म्हणजे मुसलमानांचा प्रमुख मानल्या जाणाऱ्या खलिफाचे पदच, बरखास्त केली. आमच्या मते यातूनच त्यांचे राजकारण बदलले. एका धर्मसमूहाचे नेतृत्व करण्याचा विचार मागे पडला आणि काँग्रेस हेच कार्यक्षेत्र उरले. आधार मात्र शास्त्राचाच राहिला. 1921 मध्ये आग्र्याच्या भाषणात त्यांनी पैगंबरांनी मदिनेत ज्यूंसह इतरांशी केलेल्या कराराचा दाखला देऊन हिंदू-मुस्लिम एकजूट मांडली होती. मार्च 1940 मध्ये काँग्रेसच्या रामगढ अधिवेशनातील अध्यक्षीय भाषणात 'मी मुसलमान आहे आणि हिंदी राष्ट्राचा अविभाज्य भागही' ही जोड त्यांनी ठामपणे सांगितली.

प्रश्न : अहमदनगरच्या किल्ल्याशी त्यांचा संबंध काय? वाचायला सुरुवात कुठून करावी?

9 ऑगस्ट 1942 रोजी मुंबईत काँग्रेस कार्यकारिणीला पकडले आणि आझाद, नेहरू, पटेल यांच्यासह बारा जणांना या किल्ल्यात ठेवले. आझाद तेव्हा अध्यक्ष होते. कलकत्त्यात पत्नी ज़ुलैखा बेगम मरणासन्न असताना तुरुंगाधिकाऱ्याने सरकारकडे काही कळवायचे आहे का, असे विचारले. त्यांनी विनंती करायचे नाकारले. 9 एप्रिल 1943 ला त्या गेल्या. याच किल्ल्यात 'गुबार-ए-खातिर' लिहिले गेले. मित्र हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून लिहिलेली ही पत्रे टपालात कधी पडली नाहीत. 1946 मध्ये पुस्तकरूपाने आली. चहा, चिमण्या, संगीत, ईश्वर असे सगळे त्यांत आहे. सुरुवात इथूनच करा.

त्यानंतर 'तर्जुमानुल कुराण' हा त्यांचा कुराणाचा उर्दू अनुवाद आणि भाष्य वाचा, निदान पहिल्या सूरेवरचे (अध्यायावरचे) भाष्य तरी. हे काम अपुरे, तेविसाव्या सूरेपर्यंतच आहे. झडत्यांत पोलिसांनी हस्तलिखिते नेली आणि ती विस्कटलेल्या अवस्थेत परत आली, त्यामुळे बरेचसे पुन्हा लिहावे लागले. 'इंडिया विन्स फ्रीडम' हे त्यांचे आत्मकथन शेवटी घ्या आणि सावधपणे वाचा. आझाद उर्दूत बोलत आणि हुमायून कबीर ते इंग्रजीत उतरवत, त्यामुळे शब्दशः आझादांचे म्हणून त्यातले वाक्य उद्धृत करू नये. शिवाय 1959 च्या आवृत्तीत सुमारे 30 पाने नाहीत. ती मोहरबंद होती आणि 1988 मध्ये उघडली. विकत घेताना त्यानंतरची पूर्ण आवृत्ती मागा.

प्रश्न : शिक्षणमंत्री म्हणून त्यांचे काम थोडक्यात सांगाल?

जानेवारी 1947 पासून 22 फेब्रुवारी 1958 ला निधन होईपर्यंत शिक्षण खाते त्यांच्याकडे होते. खरगपूरची पहिली आयआयटी (1951), विद्यापीठ अनुदान आयोग (1953), संगीत नाटक अकादमी (1953), साहित्य आणि ललित कला अकादमी (1954) या काळातल्या. लोकसभेवर ते 1952 मध्ये रामपूरमधून आणि 1957 मध्ये गुडगावमधून निवडून गेले. भारतरत्न 1992 मध्ये मरणोत्तर मिळाले. 2008 पासून 11 नोव्हेंबर हा राष्ट्रीय शिक्षण दिन आहे.