वाचकांचे प्रश्न : पुणे केंद्राच्या आवाजांची आठवण

आकाशवाणीच्या पुणे केंद्राविषयीच्या आठवणी कळवाव्यात, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी तीन प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : गीतरामायण पुणे आकाशवाणीवर प्रथम लागले तेव्हा सीता, कौसल्या यांची गीते गायिकांच्या आवाजात होती, असे माझी आई सांगत असे. आमच्या घरच्या संचात तर सर्व गीते सुधीर फडके यांनीच गायिलेली आहेत. आईची आठवण चुकीची समजावी का? (एक वाचक, सहकारनगर)

उत्तर : मुळीच नाही. आपल्या आईंची आठवण अचूक आहे, आणि त्यांच्या पिढीतल्या श्रोत्यांखेरीज ती आता फारशी कोणाकडे उरलेली नाही, म्हणून आपल्या पत्राने विशेष आनंद झाला. केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांना या मालिकेसाठी गळ घातली आणि 1 एप्रिल 1955 रोजी, रामनवमीला, पहिले गीत प्रसारित झाले. तो शुक्रवार होता. पुढे दर शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे आणि तेच गीत शनिवारी व रविवारी पुन्हा ऐकवले जाई. एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत मालिका चालवायची होती, पण त्या वर्षी अधिक भाद्रपद आल्याने वर्ष लांबले आणि गीतांची संख्या 56 झाली. शेवटचे गीत 19 एप्रिल 1956 रोजी प्रसारित झाले.

संगीत अर्थातच सुधीर फडके यांचे होते आणि रामाची गीतेही त्यांनीच गायिली. परंतु अन्य पात्रांसाठी माणिक वर्मा, लता मंगेशकर, ललिता फडके, वसंतराव देशपांडे, सुरेश हळदणकर, राम फाटक अशा अनेकांचे आवाज होते. फडके यांनी नंतरच्या काळात गावोगावी एकट्याने कार्यक्रम केले आणि त्यांच्या आवाजातल्या ध्वनिमुद्रिका घरोघरी पोहोचल्या, त्यामुळे मूळ प्रसारणाचे हे बहुआवाजी रूप पुढच्या पिढीच्या कानांवर फारसे आलेच नाही. दर आठवड्याला गीत लिहून व्हायचे, त्याला चाल लागायची, तालीम व्हायची आणि ठरल्या वेळी ते श्रोत्यांपर्यंत पोहोचायचे. हा नेम वर्षभर पाळणाऱ्या माणसांविषयी मला अतिशय आदर वाटतो. प्रसारणाच्या वेळी रेडिओला हार घालून उदबत्ती लावणाऱ्या घरांविषयी आपण सर्वांनीच ऐकले आहे. आपल्या आईंनी त्या सकाळविषयी आणखी काही सांगितले असेल, तर ते आजच वहीत उतरवून ठेवावे, अशी विनंती करतो.

प्रश्न : ‘पुन्हा प्रपंच’मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी पुणे केंद्राचेच ना? (एक वाचिका, नारायण पेठ)

उत्तर : नाही, ती श्रुतिका मुंबई केंद्राची. पंत म्हणजे प्रभाकर जोशी, मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू आणि टेकाडे भावजी म्हणजे बाळ कुडतरकर. मुंबईची मध्यम लहर पुण्यात ऐकू येत असल्याने ही तिघे पुणेकरांनाही घरचीच वाटत. पुणे केंद्र 2 ऑक्टोबर 1953 रोजी सुरू झाले. त्याचा काटा 792 किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारे 379 मीटरवर असे. मुंबई आणि पुणे ही केंद्रे रेडिओच्या एकाच तबकडीवर थोड्या अंतराने सापडत, म्हणून अनेकांच्या आठवणींत दोहोंची सरमिसळ झालेली आढळते.

प्रश्न : सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी पुण्याहून प्रादेशिक बातम्या देणाऱ्या सुधा नरवणे यांचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो. त्या काळातल्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण कोठे मिळेल? माझ्याकडे वडिलांनी रेडिओवरून भरून घेतलेल्या काही जुन्या कॅसेट आहेत. त्या लावून पाहाव्यात का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : माझ्या शाळेच्या दिवसांत आमच्या वाड्यात घड्याळापेक्षा या बातम्यांवर अधिक भरवसा असे. त्या संपेपर्यंत दप्तर खांद्यावर नसेल, तर शाळेला उशीर होणार हे निश्चित. सुधा नरवणे यांचे उच्चार स्वच्छ होते आणि वाक्याच्या शेवटी आवाज पडू न देण्याची त्यांची शिस्त होती. गावांची व माणसांची नावे त्या अशा उच्चारत, की लिहून घेणाऱ्यालाही अडचण येऊ नये. पुढे भारताचे लष्करप्रमुख झालेले जनरल मनोज नरवणे हे त्यांचे पुत्र. याच केंद्रावर ग्रामीण श्रोत्यांसाठीच्या कार्यक्रमांत व्यंकटेश माडगूळकर होते, स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमांत ज्योत्स्ना देवधर होत्या आणि काही काळ पु. ल. देशपांडेही होते, तरीही रोज त्याच मिनिटाला घरात येणारा आवाज म्हणून नरवणे यांचे स्थान मला वेगळे वाटते.

दुर्दैवाने, रोजच्या बातम्यांचे ध्वनिमुद्रण मिळण्याची शक्यता फार कमी आहे. बातम्या थेट वाचल्या जात. जे कार्यक्रम आधी मुद्रित होत, त्यांच्या चुंबकीय फिती महाग असत, त्यामुळे प्रसारणानंतर फीत पुसून तिच्यावर नवा कार्यक्रम भरण्याची पद्धत होती. संग्रहात गेली ती प्रामुख्याने संगीताची, नाटकांची आणि थोरांच्या मुलाखतींची मुद्रणे. म्हणूनच आपल्या वडिलांच्या कॅसेटचे मोल मोठे आहे: त्यांत एखाद्या गाण्याच्या आधी किंवा नंतर निवेदकाची दोन वाक्ये, वेळेची घोषणा, बातम्यांचा आरंभ असे काही नकळत मुद्रित झालेले असू शकते.

मात्र त्या लगेच लावू नयेत. आधी प्रत्येक कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडा पाहाव्यात. त्यांवर पांढरट बुरशी दिसली तर ती कॅसेट वेगळी ठेवून जाणकाराकडेच द्यावी, कारण ती यंत्रात फिरवल्यास फीत तुटू शकते आणि बुरशी दुसऱ्या कॅसेटनाही लागते. उरलेल्या कॅसेटची फीत पेन्सिल घालून हाताने थोडी पुढे-मागे फिरवून मोकळी करावी. ध्वनिशीर्ष (फीत वाचणारा यंत्राचा भाग, म्हणजे ‘हेड’) साफ केलेल्या चांगल्या यंत्रावर ती एकदाच लावावी आणि त्याच वेळी संगणकावर उतरवून घ्यावी. पुसले जाऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेवरच्या प्लॅस्टिकच्या दोन लहान पट्ट्या आधी तोडाव्यात. वडिलांनी वेष्टनावर लिहिलेली तारीख, वार, गाण्याचे नाव यांचे छायाचित्र काढून त्याच फाइलसोबत ठेवावे. निवेदकाचा आवाज सापडला आणि तो कोणाचा हे ओळखता आले नाही, तर त्याची प्रत आमच्याकडे पाठवावी; जुन्या श्रोत्यांना ऐकवून विचारण्याची जबाबदारी आम्ही घेतो.